सिकलसेल : रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि मजुराचे दिवस

तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशा गावाला खानदेशात ‘दक्षिण काशी’ म्हणतात. केदारेश्वराचे देऊळ, नदीचे घाट आणि सिंहस्थ पर्वणीला लोटणारी यात्रा यांमुळे हे गाव भाविकांच्या परिचयाचे आहे. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी येथील पांढरीचे टेकाड खणून ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आणले, त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांनाही ते ठाऊक आहे. या गावाच्या उत्तरेस शहादे तालुक्यातील काळ्या मातीचे सपाट रान संपते न संपते तोच सातपुडा सुरू होतो. डोंगरात आणि पायथ्याशी भिल्ल व पावरा समाजाची वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. या लोकसंख्येतील अनेकांच्या वाट्याला जन्माबरोबरच एक आजार येतो. त्याचे नाव सिकलसेल.

या आजाराचा विचार आपल्याकडे आजवर ‘रक्तातला दोष’ म्हणूनच होत आला. रक्त तपासावे, दोष आढळला की कार्ड द्यावे, विवाहापूर्वी सल्ला द्यावा, असा त्या विचाराचा स्वाभाविक क्रम आहे. हा क्रम चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. दोष रक्तात असला, तरी रुग्णाला अंथरुणाला खिळवणारी वेदना रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर उत्पन्न होते, हे गेल्या चार-पाच दशकांतील संशोधनाने स्पष्ट केले आहे. ही बाब केवळ डॉक्टरांनी लक्षात ठेवण्याच्या तपशिलाची आहे, असे समजण्याचे कारण नाही. भिंतीवर काय घडते हे एकदा समजले, म्हणजे तपासणीच्या पुढे कोणती कामे करावयास हवीत आणि त्यांतील कितीतरी कामे आरोग्य खात्याच्या कक्षेबाहेरची कशी आहेत, हेही समजते.

एका घटकाचा फरक

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. पेशींच्या या आकारावरूनच आजाराला ‘सिकलसेल’ हे नाव पडले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असते, हे सिद्ध केले. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी तो वेगळेपणा नेमका कोठे आहे हे शोधून काढले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ घटक असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. फरक आहे तो एवढाच.

भारतात १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींत हा दोष प्रथम नोंदवला. महाराष्ट्रातील नोंद १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी केली. खानदेशासह महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्याचे चित्र डॉ. एस. एल. काटे आणि त्यांचे सहकारी लिंगोजवार यांनी २००२ मध्ये मांडले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान या जमातींत सिकलसेल आढळण्याचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान आहे, असे त्यांनी दाखवले. यांत बहुसंख्य अर्थातच वाहक असतात. वाहकाला आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालेले असते व तो सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. दोघांकडूनही ते मिळाले, तर मात्र मूल रुग्ण होते.

येथे थोडा हिशेब करून पाहणे उचित ठरेल. एखाद्या समाजात शंभरातील २० माणसे वाहक आहेत आणि विवाह समाजांतर्गत, पण जनुकाचा विचार न करता होतात, असे धरू. पती व पत्नी दोघेही वाहक असण्याची शक्यता २५ पैकी १. अशा जोडप्याचे मूल रुग्ण असण्याची शक्यता ४ पैकी १. म्हणजे त्या समाजात जन्मणाऱ्या दर शंभर मुलांमागे एक मूल रुग्ण असणार. वाहकांचे प्रमाण ३५ टक्के धरले, तर हाच आकडा शंभरामागे तीनवर जातो. ज्या वाडीत दरवर्षी तीस-पस्तीस मुले जन्मतात, तेथे पहिल्या हिशेबाने तीन वर्षांत एक आणि दुसऱ्या हिशेबाने दरवर्षी एक, असे या आकड्याचे घरगुती रूप होते.

अस्तर : निष्क्रिय पापुद्रा की कार्यक्षम इंद्रिय?

हृदयापासून बोटाच्या टोकापर्यंत प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूस एकाच थराच्या पेशींचे अस्तर असते. नळाच्या आतून लावलेल्या गुळगुळीत लेपासारखे हे अस्तर रक्ताला वाट करून देते, याहून अधिक काही करीत नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी या समजुतीला धक्का दिला. अस्तर शाबूत असेल तरच ठराविक संदेश मिळताच रक्तवाहिनी सैल होते, अस्तर खरवडून काढले तर होत नाही, असे त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. अस्तराच्या पेशी तयार करीत असलेला तो सैल करणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू होय, हे पुढे सिद्ध झाले. आणि फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फरीद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अस्तराच्या या पेशींच्या पृष्ठभागावर नाना प्रकारची प्रथिने असतात. त्यांतील काही दारावरच्या कडीसारखे काम करतात. शरीरात कोठे जखम झाली किंवा जंतूंचा शिरकाव झाला, की त्या जागच्या अस्तरावर ही प्रथिने वर येतात. रक्तातून वेगाने जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना ती धरतात, त्यांची गती मंद करतात आणि भिंतीतून पलीकडे, जखमेच्या दिशेने जाऊ देतात. पी-सिलेक्टिन, ई-सिलेक्टिन, व्हीकॅम, आयकॅम ही अशा प्रथिनांची नावे. यांपैकी पी-सिलेक्टिन पेशीच्या आत लहान कोठारांत आधीच भरून ठेवलेले असते. ही कोठारे एवाल्ड वाइबेल आणि जॉर्ज पॅलाडे यांनी १९६४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धोक्याचा संदेश मिळताच त्यांतील प्रथिन काही मिनिटांत पृष्ठभागावर येते. ई-सिलेक्टिन व व्हीकॅम नव्याने तयार करावी लागतात, त्यासाठी काही तास लागतात. निरोगी माणसाच्या दृष्टीने ही व्यवस्था प्राणरक्षक आहे. ती नसती, तर साध्या काट्याच्या जखमेनेही माणूस दगावला असता.

सिकलसेलच्या रुग्णात मात्र हीच व्यवस्था त्याच्यावर उलटते.

सेकंदांचा खेळ

तांबडी पेशी ऊतींना प्राणवायू देऊन टाकते, त्यानंतर सदोष हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना जोडून लांब दोरे बनू लागतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. मग रुग्णाच्या शरीरातील बहुतेक पेशी प्रत्येक फेरीत वाकड्या होऊन अडकत का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी १९७० च्या दशकात दिले. दोरे बनण्यास सुरुवात होण्यापूर्वी थोडा अवधी जातो. केशवाहिनी ओलांडण्यास पेशीला साधारण एखादा सेकंद लागतो. अवधी याहून मोठा असेल, तर पेशी अरुंद जागेतून निसटून रुंद शिरेत पोहोचते आणि फुप्फुसांत गेल्यावर तिला पुन्हा प्राणवायू मिळतो. म्हणजे आजाराचा सारा व्यवहार या सवलतीच्या काळावर अवलंबून आहे. पेशीला वाटेत उशीर झाला नाही, तर ती वाचते. उशीर झाला, की वाकडी होते.

उशीर कशामुळे होतो? १९८० मध्येच मिनेसोटा विद्यापीठातील रॉबर्ट हेबेल आणि सहकाऱ्यांनी याचे एक महत्त्वाचे कारण पुढे आणले. सिकलसेल रुग्णाच्या तांबड्या पेशी अस्तराच्या पेशींना चिकटतात. निरोगी माणसाच्या पेशी तशा चिकटत नाहीत. ज्या रुग्णाच्या पेशी अधिक चिकट, त्याचा आजारही अधिक तीव्र, असा संबंध त्यांना आढळला. पुढच्या संशोधनाने या चिकटण्याची जागा आणि साधने निश्चित केली. केशवाहिन्यांच्या पुढे असलेल्या बारीक शिरांत नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी अस्तरावरील व्हीकॅम, पी-सिलेक्टिन यांसारख्या प्रथिनांना धरून बसतात. पांढऱ्या पेशीही तेथे चिकटतात. वाट अरुंद होते आणि मागून येणाऱ्या, आधीच ताठर झालेल्या पेशी त्या अडथळ्यात अडकतात. तापीला पूर आला असता वाहत आलेले एखादे झाड प्रकाशाच्या पुलाच्या खांबाला अडावे आणि त्याच्यामागे काटेरी झुडपे, कडबा, पालापाचोळा साचत जावा, तसाच हा प्रकार आहे. पुढच्या भागास रक्त मिळत नाही. हाडे, छाती, पोट यांत असह्य कळा येतात. अशा आघातांनी प्लीहा लहानपणीच निकामी होते, खुब्याचे हाड झिजते, काही मुलांना पक्षाघात होतो.

भरीस भर म्हणजे या पेशी अल्पायुषी असतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशीतून रक्तद्रवात सांडलेले हिमोग्लोबिन अस्तराने तयार केलेला नायट्रिक ऑक्साइड शोषून टाकते. त्यामुळे रक्तवाहिनी आवळलेली राहते आणि अस्तर आणखी चिडते. चिडलेले अस्तर अधिक प्रथिने वर काढते, ती अधिक पेशी धरतात, अधिक पेशी फुटतात. अर्थशास्त्रात ज्याला दुष्टचक्र म्हणतात, त्याचे इतके नेमके शारीरिक उदाहरण क्वचितच सापडेल.

हा दोष टिकला का?

इतका घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून कसा राहिला, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून त्याचे उत्तर दिले. सिकलसेलच्या वाहकाला प्राणघातक हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. येथेही अस्तर आडवे येतेच. त्या हिवतापाचा परोपजीवी ज्या तांबड्या पेशीत शिरतो, तिला तो अस्तरावरील आयकॅमसारख्या प्रथिनांना चिकटवतो आणि मेंदूपर्यंतच्या वाहिन्या तुंबवतो. जंगल आणि हिवताप यांच्या सान्निध्यात शतकानुशतके राहिलेल्या समाजांत वाहक तगून राहिले, म्हणून जनुकही राहिले. सातपुड्यातील माणसाच्या रक्तात जे आहे, तो कोणा कुळाचा कलंक नाही. हिवतापाशी झालेल्या दीर्घ झुंजीची ती खूण आहे. विवाह जुळवताना वाहक मुलीकडेच बोट दाखवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले, तरी बरेच होईल. दोन वाहक एकत्र आल्याखेरीज रुग्ण मूल जन्मत नाही, आणि त्या दोघांपैकी एक पुरुष असतो.

महाग कुलूप आणि स्वस्त गोळी

पेशी अस्तराला चिकटतात हे कळल्यावर चिकटवणारे प्रथिनच झाकून टाकावे, असा विचार पुढे येणे क्रमप्राप्त होते. क्रिझनलिझुमॅब हे शिरेतून देण्याचे औषध पी-सिलेक्टिनला झाकते. २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या १९८ रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांना वर्षाला मध्यक १.६ तीव्र झटके आले, न घेणाऱ्यांना जवळजवळ ३. अमेरिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला मान्यता दिली. किंमत महिन्याला ७ ते ९ हजार डॉलरच्या घरात होती. मात्र पुढच्या, अधिक मोठ्या चाचणीत औषध आणि नुसते पाणी यांत फरक दिसला नाही, आणि २०२३ मध्ये युरोपीय संघाने त्याचा परवाना रद्द केला. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हॉक्सेलोटर हे दुसरे नवे औषध त्याच्या उत्पादकानेच जगभरातून मागे घेतले. जनुकच दुरुस्त करणाऱ्या उपचारांना अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. विज्ञानाचा तो मोठा विजय होय. पण एका रुग्णामागे २० लाख डॉलरहून अधिक किंमत असलेला उपचार सातपुड्यात नजीकच्या काळात येईल, अशी आशा कोणी धरू नये.

पी-सिलेक्टिनच्या औषधाची ही कथा निराशेची वाटली, तरी तिच्यातून एक बोध मिळतो. अस्तरावर कडी एकच नसते. एक बंद केली, तरी दुसऱ्या उघड्या राहतात. तेव्हा एखादे प्रथिन झाकण्यापेक्षा अस्तर एकंदरीतच शांत राहील, अशी परिस्थिती निर्माण करणे अधिक फलदायी ठरण्याची शक्यता आहे. आणि त्यासाठी एक जुने, स्वस्त औषध उपलब्ध आहे.

हायड्रॉक्सियुरिया हे ते औषध. १९९५ मध्ये अमेरिकेतील २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांना वर्षाला मध्यक अडीच झटके आले, न घेणाऱ्यांना साडेचार. लाभ इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, त्यामुळे दोरे बनण्याचा वेग मंदावतो. पण त्याचा गुण तेवढ्यावर संपत नाही. त्याने पांढऱ्या पेशी कमी होतात आणि तांबड्या पेशींचे अस्तराला चिकटणेही घटते. भारतातील रुग्णांच्या रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन मुळातच तुलनेने अधिक असते, म्हणून येथे कमी मात्रेतही ते लागू पडेल का, हा प्रश्न महत्त्वाचा होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये, शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेनेही मुलांचे झटके घटतात, असे दाखवले. आज हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. अधूनमधून रक्तपेशी मोजून घेणे आणि गर्भारपणात ते टाळणे एवढे पथ्य सांभाळावे लागते.

झटक्याचा हिशेब

समजा, प्रकाशाजवळच्या एका मजूर कुटुंबात पन्नास किलो वजनाचा एक तरुण रुग्ण आहे. नागपूरच्या मात्रेने त्याला रोज ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल लागेल. तिची किंमत १२ रुपये धरली, तर वर्षाचा खर्च ४,३८० रुपये. आता दुसरी बाजू. अमेरिकेतील चाचणीप्रमाणे वर्षाला दोन झटके टळले, प्रत्येक झटक्यात पाच दिवस मोडतात आणि रुग्णासोबत घरातील एक माणूस अडकतो, असे धरले, तर वीस मनुष्यदिवस वाचतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. त्या दराने ही रक्कम ६,२४० रुपये होते. रुग्णालयाचा प्रवास, सावकाराचे व्याज, मुलाची बुडालेली शाळा यांतले काहीही या हिशेबात धरलेले नाही. अमेरिकेतील त्या चाचणीत मुळातच तीव्र आजार असलेले रुग्ण होते, त्यामुळे येथील लाभ काहीसा कमी भरेल हेही मान्य केले पाहिजे. तरीसुद्धा गोळी फुकट वाटूनही समाजाला तोटा होत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

परंतु गोळीचा विचार करताना माणूस राहतो कसा आणि राबतो कसा, हे विसरून चालणार नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात दक्षिण गुजरातेतील बारडोली परिसराच्या ऊसतोडीचा अभ्यास केला. तेथे राबणाऱ्या हजारो मजुरांत खानदेशातून गेलेल्या टोळ्या मोठ्या संख्येने होत्या. पुरुष ऊस तोडणार, बाई पाला सोलणार, मूल मोळ्या बांधण्यास हातभार लावणार. या सबंध घटकाला मुकादमाच्या हिशेबात नाव एकच, ‘कोयता’. उचल घेतलेली, काम अंगावर, झोपडी उसाच्या पाचटाची, पहाट थंडीची. नंदुरबार जिल्ह्यातून गुजरातेत ऊसतोडीला जाणे आजही थांबलेले नाही.

आता या जीवनक्रमाकडे अस्तराच्या दृष्टीने पाहावे. दिवसभर उन्हात राबून पुरेसे पाणी पोटात गेले नाही, की तांबड्या पेशीतील पाणी घटते, सदोष हिमोग्लोबिनचे प्रमाण पेशीत थोडेसे वाढते आणि तेवढ्यानेही सवलतीचा अवधी अनेक पटींनी घटतो. पहाटेच्या गारठ्यात त्वचेच्या वाहिन्या आवळतात, प्रवाह मंदावतो आणि पेशीला वाटेत उशीर होतो. छातीत कफ झाला, जखम चिघळली, जुलाब लागले, की अस्तरावर व्हीकॅम व सिलेक्टिन वर येतात. अतिश्रमाने प्राणवायूची टंचाई होते. पाण्याची टंचाई, थंडी, जंतुसंसर्ग आणि अतिश्रम ही झटक्याची चार कारणे वैद्यकाच्या पुस्तकात दिलेली असतात. ऊसतोडीच्या फडात ती चारही एकाच दिवसात भेटतात. तेव्हा त्या तरुणाला झटका आला, तर तो जनुकाने आणला की उचलीने, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही.

काय मोजावे?

केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन अशी त्याची उद्दिष्टे आहेत. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक तपासण्या झाल्या. त्यांत सुमारे २ लाख रुग्ण आणि १६ लाखांहून अधिक वाहक आढळले. इतक्या अल्पावधीत एवढे काम होणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि ती करणाऱ्या आशा कार्यकर्त्या व प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

तथापि, तपासणी ही सुरुवात आहे. जे दोन लाख सापडले, त्यांच्या रक्तवाहिन्यांत पुढच्या प्रत्येक दिवशी काय घडते, यावर अभियानाचे यश ठरेल. त्या दृष्टीने काही गोष्टी अग्रक्रमाने व्हावयास हव्यात. पहिली म्हणजे, हायड्रॉक्सियुरियाचा पुरवठा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत अखंड असावा. जिल्ह्याच्या गावी जाऊन गोळी आणण्यात मजुराचा जो दिवस बुडतो, तो गोळीपेक्षा महाग असतो. दुसरी, नवजात बालकाची तपासणी. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज पेनिसिलिन दिल्याने या बालकांतील न्यूमोकोकस जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. त्या जंतूविरुद्धची लस आता सार्वत्रिक लसीकरणात आहे. पण बाळ रुग्ण आहे हे पहिल्या काही महिन्यांत कळले, तरच या दोहोंचा पुरता उपयोग. तिसरी गोष्ट, कार्डाला राज्याची सीमा आडवी येऊ नये. शहादे तालुक्यातील रुग्णाला बारडोलीच्या आरोग्य केंद्रातही तीच गोळी विनासायास मिळाली पाहिजे. चौथी, ऊसतोडीच्या तळावर पिण्याचे पाणी, ऊब आणि आजारपणात उचलीवर दंड न लावण्याची हमी यांचा कराराच्या अटींत समावेश व्हावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. त्या स्थानाचा अर्थ प्रमाणपत्रापुरता राहू नये.

याच शहादे तालुक्यात १९७२ पासून श्रमिक संघटनेने भिल्ल शेतमजुरांच्या जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न उभा केला होता. तेव्हा मागणी होती ती श्रमाच्या मोबदल्याची. श्रम करणाऱ्या शरीराचा प्रश्न हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे. शिक्षकांनाही यात वाटा आहे. वर्गात वरचेवर गैरहजर राहणारे, सांधे दुखतात म्हणून कवायतीत मागे राहणारे, डोळे पिवळट दिसणारे मूल आळशी नसून रुग्ण असू शकते. त्याच्याजवळ पाण्याची बाटली असावी, ती भरण्यास व पिण्यास तासाच्या मध्येही मुभा असावी, थंडीत त्याला अंगावर काही घालू द्यावे. एवढ्या गोष्टींना ना अंदाजपत्रकात तरतूद लागते, ना शासकीय आदेश.

अभियानाच्या वार्षिक अहवालात तपासण्यांची आणि वाटलेल्या कार्डांची संख्या असते. त्यांच्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत : बारा महिने खंड न पडता औषध मिळालेले रुग्ण किती, आणि झटक्यामुळे बुडालेले कामाचे व शाळेचे दिवस किती. दिवाळी आटोपली, की ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातच्या वाटेला लागतात. त्या निघण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाच्या गाठोड्यात हंगामभर पुरतील इतक्या कॅप्सूल बांधल्या गेल्या की नाही, ही मोजणी सातपुड्याच्या पायथ्याच्या आरोग्य केंद्रांना याच वर्षी सुरू करता येईल.